सांगलीत अण्णांचं हातानं काढलेलं चित्र करून घेतलं, त्याचा अनुभव (मोठा आहे, चहा घेऊन बसा)

आधीच सांगतो, दुकानाचं नाव लिहिणार नाहीये. चित्र काढणाऱ्या काकांनीच हात जोडले, म्हणाले नेटवर नाव टाकू नको बाबा, आहेत त्याच ऑर्डरी माझ्याच्यानं उरकंनात. हरभट रोडच्या मागं एका बोळात आहे, जुनं कौलारू, बाहेर पाटी पण नाही. आयुष्यभर लोकांच्या पाट्या रंगवल्या आणि स्वतःच्या दुकानाला पाटी नाही असं मी बोललो तर नुसते हसले. ज्याला खरंच गरज आहे त्यानं त्या भागातल्या कुठल्याही फ्रेमवाल्याला विचारा, हातानं चित्र काढणारे काका कुठं बसतात, तो पोरगं सोबत देईल.

आता कशासाठी गेलो ते. आमचे अण्णा, म्हणजे वडील, मागच्या मार्गशीर्षात गेले. साखर कारखान्यात पॅनमन होते, ३४ वर्षं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, रस आटवून पाक झाला की पॅनमध्ये त्याची साखर बांधतात, ते बघणारा माणूस म्हणजे पॅनमन. दाणा बरोबर बसतोय का हे काचेच्या पट्टीवर थोडं घेऊन उजेडाला धरून बघायचं असतं. हे बघून बघून अण्णांचा डावा डोळा कायमचा जरा बारीक झालेला. घरात कुणी खोटं बोललं की त्याच डोळ्यानं बघायचे. हे पुढं लागणार आहे म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

घर गावभागात, म्हटल्यावर सांगलीकरांना पुढचं सांगायला नको. २०१९ च्या ऑगस्टात पुराचं पाणी माळ्याला टेकलं, आम्ही माणसं आणि गॅसची टाकी तेवढी बाहेर काढली, अल्बम सगळे लोखंडी कपाटात राहिले. पाणी उतरल्यावर उघडले तर पानं एकमेकाला चिकटलेली, सोडवायला गेलं की चेहरेच सोलून यायचे. त्यामुळं अण्णा गेले तेव्हा त्यांचा असा धड एक फोटो निघेना. कारखान्याचं ओळखपत्र, चुलत बहिणीच्या लग्नातला ग्रुप फोटो, माझ्या मोबाईलमधला एक सेल्फी आणि चाळीसेक सेकंदाचा एक व्हिडिओ, ज्यात ते गुऱ्हाळावर कुणाला तरी काहिलीखालचा जाळ कमी कर म्हणून ओरडतायत. बस एवढंच.

लगेच फोटो पाहिजे म्हणून त्याच दिवशी संध्याकाळी एका स्टुडिओत गेलो (नाव नको). ओळखपत्र दिलं, दोन तासात फ्रेम हातात. बघतोय तर अण्णांना निळा कोट आणि टाय! रंग दोन शेड उजळ, सुरकुत्या गायब, दोन्ही डोळे एकसारखे आणि मागं बर्फाचा डोंगर. अण्णांनी जन्मात कोट घातला नाही, स्वतःच्या लग्नात सुद्धा नेहरू शर्टावर उभे होते. पोरगा म्हणाला सगळे असंच करून घेतात सर, डीसेंट दिसतं. ८५० रुपये. भांडायला अंगात जोर नव्हता, घेऊन आलो, हार घातला. येणारा प्रत्येक पाहुणा फोटोकडं बघून क्षणभर थबकायचा, आपण बरोबर घरात आलोय ना याची खात्री करून घेतल्यासारखा.

आता वहिनीबद्दल, कारण ती नसती तर तो कोटवाला फोटोच आज भिंतीवर असता. वहिनी फिलिपिन्सची. दादा दुबईत एसीच्या कंपनीत, ती तिथंच हॉस्पिटलात नर्स, तिथंच जमलं. तिचं गाव उत्तरेला इलोकोस भागात, लाओआगच्या बाजूला. तिकडं पण ऊस होतो, उसाच्या रसाची बासी नावाची दारू करतात, आणि स्पॅनिश सरकारनं घरी बासी करायला बंदी घातली म्हणून १८०७ मध्ये तिकडं चक्क बंड झालेलं. हे तिनं अण्णांना पहिल्याच भेटीत दादाकरवी सांगितलं. अण्णा म्हणाले, बरोबर केलं. तिथून पुढं दोघांची गट्टी. अण्णा तिला गुऱ्हाळावर घेऊन गेले तर म्हणाली आमच्याकडं उसाच्या घाण्याला दादापिलान म्हणतात, रेडा जुंपतात, आणि तिथंच गरम रसात चिकट तांदूळ पानाच्या पुड्या करून शिजवतात, त्याला पातुपात म्हणायचं. सासरा आणि सून काहिलीकडं बघत तासभर उभे, भाषा एकाची दुसऱ्याला येत नाही, हातवारे चाललेत. त्या चाळीस सेकंदांच्या व्हिडिओत मागं जी हिरवा ड्रेसवाली दिसते ती वहिनीच.

तर अण्णा गेले पहाटे चारला आणि दुपारी दोनच्या आत अमरधामला सगळं उरकलं. दादानंच फोनवर सांगितलं थांबू नका. ते दोघं पोचले दुसऱ्या दिवशी रात्री अकराला. दादाला कल्पना होती, वहिनीला नव्हती. चप्पल काढता काढता तिनं विचारलं, पापा कुठल्या खोलीत आहेत?

कुणी काय सांगायचं?

त्यांच्याकडं कसं असतं ते मला नंतर कळलं. माणूस गेला की त्याला औषध भरून, चांगले कपडे घालून शवपेटीत ठेवतात, घरात नाहीतर चॅपेलात, तीन दिवस, आठवडा, परदेशातलं कुणी यायचं असेल तर अजून जास्त. त्याला लामाय म्हणतात. त्या सगळ्या दिवसात मेलेल्या माणसाला एकटं सोडायचं नाही, रात्रभर कुणीतरी जागं पाहिजे, म्हणून लोक पत्ते कुटतात, कॉफी-बिस्किटं चालू असतात, आणि पत्त्याच्या डावातला थोडा हिस्सा घरच्यांना खर्चाला जातो. येणारा प्रत्येक जण पाकिटात जमेल तेवढे पैसे देतो, त्याला आबुलोय. घरात झाडू मारायचा नाही. त्यांच्यात दारापुढं एक ओंडका पेटवून ठेवतात, मयत पुरेपर्यंत विझू द्यायचा नाही. म्हणजे बघा, तिच्या हिशोबानं ती वेळेत आली होती, अजून पाच-सहा दिवस सासऱ्यापाशी बसायला मिळणार होते, आणि इथं चूल सुद्धा गार.

ती रडली नाही. आत्या रडली. आमची आत्या जुनी आहे, हेल काढून रडते, एकेक आठवण सांगत, माझ्या भावा तू उसातनं पळत यायचास, असं करत करत. वहिनी तिच्याजवळ जाऊन बसली आणि ऐकत राहिली. नंतर दादाला म्हणाली हे आमच्यात पण आहे, दुंगाव म्हणतात, तिची आजी करायची, मेलेल्याशी बोलत बोलत सुरात रडायचं, त्याचं सगळं आयुष्य त्यात सांगायचं. तोपर्यंत आत्याचं आणि तिचं फारसं नव्हतं, म्हणजे भांडण असं नाही पण आत्या तिच्या हातचा चहा नको म्हणायची. त्या रात्री घेतला.

तिसऱ्या दिवशी अस्थी घेऊन हरिपूरला संगमावर गेलो. वहिनी पण आली, कुणी नको म्हणालं नाही. होडीतनं आत गेलो, दादाच्या मांडीवर मडकं. वहिनी त्या मडक्याकडं बघत होती आणि मग तिनं मोबाईलवर एक फोटो शोधून मला दाखवला, मला वाटलं हिला आत्ता काय सुचतंय. तो पण मडक्याचाच होता. पालावान नावाचं बेट आहे त्यांचं, तिथल्या मानुंगुल गुहेत १९६४ ला सापडलं, इसवी सनाच्या आधीचं, साधारण पावणेतीन हजार वर्षांपूर्वीचं. माणूस आधी पुरायचे आणि नंतर त्याची हाडं काढून अशा मडक्यात ठेवायचे. पण खरी गंमत झाकणावर. झाकणावर एक होडी आहे आणि होडीत दोन माणसं बसलीत. मागचा वल्हं मारतोय, पुढच्यानं छातीवर हात दुमडून घेतलेत, आणि त्याच्या डोक्यावरनं हनुवटीखाली पट्टी बांधलीय. पुढचा मेलेला. जबडा उघडा पडू नये म्हणून आपण पण बांधतोच की. मी स्वतः बांधली होती अण्णांना, दोनच दिवसांपूर्वी, पांढऱ्या रुमालाची. त्यांच्या जुन्या हजाराच्या नोटेवर ह्या झाकणाचं चित्र होतं, म्हणजे तिच्यासाठी लहानपणापासून बघितलेली गोष्ट, आणि ती आता सासऱ्याच्या हाडांसोबत खरोखरच तशा होडीत बसलेली.

येताना अजून एक किस्सा. वाटेत वहिनी गाडी थांबवा म्हणाली, चहा घेऊ. आत्या मागून, अगं आंघोळ न करता चहा? आपल्यात सरळ घरी जाऊन आंघोळ, मधे कुणाच्या दारात जायचं नाही. त्यांच्यात बरोबर उलटं, मयतीवरनं सरळ घरी जायचंच नाही, मधे कुठंतरी टेकायचं, म्हणजे मागं लागलेलं भूत तिथंच झटकलं जातं. पागपाग म्हणतात. शेवटी तोडगा असा निघाला की टपरीवर सगळे उतरले, वहिनी आणि दादानं चहा घेतला, आत्यानं नुसतं टेकून घेतलं.

दुसऱ्या दिवसापासून वहिनी रोज संध्याकाळी माळ घेऊन प्रार्थनेला बसायची. पासियाम, नऊ दिवस. आपला दहावा, त्यांचा नववा, एका घरात दोन्ही चाललेलं, आईला उलट बरंच वाटायचं. पण वहिनी बसायची भिंतीकडं तोंड करून. दोन दिवस बघितलं आणि विचारलं, फोटोसमोर का नाही बसत? तर म्हणाली, भाऊजी, हा माणूस कोण आहे? मी ह्याला भेटले नाही कधी.

तेराव्यानंतर दादानं सुट्टी चार दिवस वाढवून घेतली आणि आम्ही चौघं, मी, दादा, वहिनी, आई, काकांकडं गेलो. पत्ता फ्रेमवाल्यानं दिला.

काका सत्तरीच्या पुढचे. सुरुवात नाटकाचे पडदे रंगवण्यातनं, (सांगली म्हणजे नाट्यपंढरी, १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी इथंच सीता स्वयंवर केलं, हे काकांनी पहिल्या दहा मिनिटात ऐकवलंच), मग सिनेमाचे बोर्ड, मग दुकानांच्या पाट्या, फ्लेक्स आल्यावर ते सगळं बसलं, तेव्हापासून माणसं काढतात. जास्त करून गेलेली. भिंतीवर पुराच्या पाण्याची रेघ अजून तशीच ठेवलीय आणि त्या रेघेच्या वरच सगळे कॅनव्हास टांगलेले.

मी तो कोटवाला फोटो टेबलावर ठेवला. त्यांनी बघितला आणि पालथा घातला. म्हणाले हा असू द्या, दुसरं काय आहे? मग बाकीचं सगळं दाखवलं आणि इथनं पुढं दोन तास त्यांनी पेन्सिलीला हात लावला नाही. नुसते प्रश्न. भांग कुठल्या बाजूला? खुर्चीत बसले की पाय वर घ्यायचे का? खिशात काय असायचं? रागावले की आवाज चढायचा की उतरायचा? आईला विचारलं, झोपले की तोंड कुणाकडं? आई लाजली आणि मग पहिल्यांदा धड रडली. माझ्या सेल्फीवर म्हणाले हा उलटा आहे, मोबाईल आरशासारखा काढतो, ओळखपत्रात तीळ उजव्या गालावर आहे आणि ह्यात डाव्या. आम्ही वर्षभर तो फोटो बघत होतो, एकाच्याही लक्षात आलं नव्हतं. वहिनीला विचारलं तुला कुठले पाहिजेत? ती म्हणाली जाळ कमी करा म्हणून ओरडणारे. काकांनी तो व्हिडिओ वीस वेळा तरी बघितला असेल, थांबवून थांबवून, आणि विचारलं, डावा डोळा धुरानं मिटलाय की तसाच आहे? तेव्हाच मी ठरवलं, पैसे कितीही सांगू दे.

वहिनीला चित्र चाळिसाव्याला पाहिजे होतं. त्यांच्यात चाळीस दिवस जीव इथंच घुटमळतो असं मानतात, येशू उठल्यावर चाळिसाव्या दिवशी वर गेला तसा. काका सरळ म्हणाले तैलरंगात होणार नाही, तेवढ्यात वाळतच नाही, कुणी देतो म्हणाला तर तो खोटं बोलतोय. चाळिसाव्याला कोळशात काढून देतो, ऑइल नंतर सावकाश. हे मला फार आवडलं. कोळशाचं १६ बाय २० इंच ४,५०० आणि ऑइलचं १८ बाय २४ चे १६,०००, फ्रेम वेगळी. घासाघीस करत नाहीत, मी पण केली नाही, दादानं थोडी केली आणि तोंडावर पडला.

कच्चं स्केच झाल्यावर बोलावतात, हे महत्त्वाचं आहे, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला घेऊन जा. मी बघून म्हणालो एकदम परफेक्ट. आई दोन मिनिटं गप्प उभी आणि म्हणाली, चष्मा कुठाय? ओळखपत्रावर चष्मा नाही, व्हिडिओत खिशात आहे, त्यामुळं काकांनी काढला नव्हता. आई म्हणे चष्म्याशिवाय मी ह्यांना आंघोळीला जाताना बघितलंय फक्त. चष्मा आला. जास्तीचे पैसे नाहीत.

कोळशाचं चित्र अडतिसाव्या दिवशी हातात. म्हणजे शब्द पाळला. शर्टाचं वरचं बटण उघडं, खिशात पेन आणि तंबाखूची डबी फुगलेली, मान जराशी तिरकी, आणि तो डोळा. आमचा धाकटा पोरगा अभ्यास सोडून मोबाईल बघत होता, चित्र भिंतीला लावल्यावर त्यानं मोबाईल उलटा ठेवला. मी काही बोललो नव्हतो.

चाळिसाव्याला वहिनी दुबईत ड्युटीवर, व्हिडिओ कॉल लावून आमच्याकडनं सगळं करून घेतलं. आतांग म्हणतात त्यांच्याकडं, गेलेल्याच्या फोटोसमोर ताट मांडायचं, भाताचे गोड पदार्थ, अंडी, विड्याचं पान, बासी, तंबाखू, मेणबत्ती. आपलं पितरांचं पानच म्हणा, फक्त कावळ्याची वाट बघायची नाही. ऊसतोडीचे दिवस, रस भरपूर, आईनं रसातला भात केला आणि वहिनीच्या सांगण्यावरून केळीच्या पानात बांधला, बांधणं काय जमलं नाही, गाठोडं झालं. बासीच्या जागी ग्लासभर रस. मी तंबाखू आणि चुना ठेवला तर पाहुण्यातले एक जण म्हणाले देवाधर्माच्या ताटात हे काय. आत्या फाडकन म्हणाली, असू दे, भाताला तो हात लावणार नाही, त्याच्याचसाठी येईल.

आता तक्रार. सगळं गोड गोड लिहिलं तर रिव्ह्यू कसला.

ऑइलचं चित्र होळीला देतो म्हणाले. होळी गेली. पाडव्याला नक्की म्हणाले. पाडवा गेला. फोन उचलत नाहीत, म्हणजे खरंच उचलत नाहीत, जुना बटणवाला फोन आहे आणि तो बहुतेक रंगाच्या डब्यात पडलेला असतो. प्रत्यक्ष गेलं की एक तर दुपारची झोप, नाहीतर कुणीतरी समोर बसून रडतंय आणि काका ऐकतायत. एकदा मी चिडून बोललो की आमच्या आधी कितीजण आहेत तेवढं तरी सांगा, तर एक वही काढून दाखवली, त्यात आमचा नंबर होता पण ज्या क्रमानं चित्रं चालली होती त्याचा आणि वहीचा काही संबंध नव्हता. म्हणाले जो डोळ्यापुढं येतो तो आधी होतो. आता ह्याला काय म्हणायचं. मिळालं शेवटी अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी, म्हणजे दीड महिना उशिरा. आईनं त्याच्यापुढं पितरांचा आंबा ठेवला, त्यामुळं तिच्या लेखी बरोबर वेळेवर आलं. ज्यांना वर्षश्राद्धाला पाहिजे त्यांनी निदान आठ महिने आधी जा.

दुसरी तक्रार, फ्रेम. त्यांच्या ओळखीच्या माणसाकडनं सागवानी म्हणून २,२०० ची लावली, एका कोपऱ्यात सांधा दोन महिन्यात उघडला. फ्रेम बाहेरनं करा.

चित्र मात्र, काय सांगू. कोळशाचं बघितल्यावर मला वाटलेलं ऑइलची गरजच नाही, पण रंगात आल्यावर काहिलीचा उजेड खालून हनुवटीवर घेतलाय, त्यानं फरक पडला. जवळ जाऊन बघितलं तर नुसते तपकिरी आणि केशरी फराटे, चार पावलं मागं आलं की अण्णा. बोर्ड रंगवणाऱ्याचा हात आहे, लांबून बघायची सवय. कान मात्र मला थोडे मोठे वाटतात. आई म्हणते होतेच.

सांभाळायचं कसं तेही त्यांनी नीट सांगितलं, ते लिहितो कारण आपल्याकडं इथंच घोळ होतो. ऑइलच्या चित्राला कुंकू, गंध काहीही टेकवायचं नाही, रंग आत ओला असतो, ओढला जातो. हार चित्रावर लोंबू द्यायचा नाही, चंदनाच्या मण्यांनी घासून घासून एका घरी आजोबांची मिशी गेली म्हणे. फ्रेमच्या वरच्या पट्टीला पुढं आलेले दोन पितळी हूक लावून घ्या, हार त्यातनं बाजूला सोडा. उदबत्ती खाली नको, फूटभर लांब. लगेच काच लावायची नाही. वरचं वार्निश सहा महिन्यांनी, त्यासाठी ते परत बोलावतात, पैसे घेत नाहीत. कोळशाच्या चित्राचं उलट, त्याला काच पाहिजेच, पण मधे माउंट घालून, काच कागदाला चिकटता कामा नये. आणि ज्यांची घरं पाण्यात जातात त्यांच्यासाठी, चित्राचा चांगला फोटो काढून तीन जणांच्या मोबाईलमध्ये ठेवा. हे शेवटचं माझं.

एक काम अजून होतं. वहिनीनं जायच्या आदल्या दिवशी काकांना ते होडीचं झाकण दाखवलं होतं, ह्याचं छोटंसं काढून द्याल का, मला तिकडं न्यायला. काकांनी बराच वेळ बघितलं. मग आम्हाला वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्याच्या आठवणीचा कोरीव दगड, समजावून सांगायला लागले. आमच्या गावाकडं देवळाबाहेर चार-पाच पडलेत, पोरं त्यावर बसून चुरमुरे खातात, मी कधी धड बघितले नव्हते. खालच्या कप्प्यात माणूस लढून पडलेला, त्याच्या वरच्यात अप्सरा त्याला घेऊन चालल्यात, सगळ्यात वर तो महादेवाच्या पिंडीपुढं बसलाय आणि टोकाला चंद्र-सूर्य. म्हणाले आमचा माणूस जिना चढून जातो, तुमचा होडीनं जातो, एवढाच फरक. दादानं भाषांतर करून सांगितलं. वहिनी म्हणाली, पापांना जिना नको, गुडघे दुखायचे.

ते छोटं चित्र १,५०० मध्ये, कोळशातच, ऑइलच्या सोबतच मिळालं. मी घरी येऊन मोबाईलवरच्या फोटोशी ताडून बघितलं तर एक चूक दिसली. मूळ झाकणावर मागच्या माणसाच्या हातातल्या वल्ह्याचं पातं तुटून गेलेलं आहे, नुसता दांडा राहिलाय, आणि काकांनी पातं पूर्ण काढलेलं. पुढच्या फेरीला गेलो तेव्हा दाखवलं, म्हटलं काका हे असं नाहीये. ते म्हणाले मला दिसलं होतं. तुटक्या वल्ह्यानं तुझ्या बापाला कुठं पाठवू?

वहिनीला मी ते तसंच पाठवलं, दादाच्या मित्राच्या बॅगेतनं. तिनं दुबईच्या खोलीत येशूच्या फोटोच्या खाली लावलंय. वर्ष झालं की त्यांच्यात बाबांग लुक्सा करतात, म्हणजे दुखवटा उतरवायचा, वर्षभर घातलेले काळे कपडे सोडायचे, जेवण घालायचं. ते तारखेनं. आपलं वर्षश्राद्ध तिथीनं, आणि यंदा तिथी तारखेच्या अकरा दिवस आधी येतीय. आईनं हिशोब करून ठेवलाय, अण्णांना दोनदा जेवण. आत्यानं सोनाराकडं टाक करायला टाकलाय तो वेगळाच, त्याच्यावर पुन्हा कधीतरी लिहीन, तिथंही भांडण चालू आहे.

स्टार विचाराल तर कामाला पाच, वेळेला दीड. दुकान सकाळी दहा ते एक आणि संध्याकाळी पाचनंतर, गुरुवारी बंद. पार्किंग नाही, गाडी हरभट रोडलाच लावा. यूपीआय चालत नाही, रोख न्या, आणि जाताना आईला किंवा आत्याला सोबत न्या, एकटे जाऊ नका, तुम्हाला चष्मा आठवणार नाही.